लेझर की दुर्बीण, हे नंतर. आधी ऑपरेशन कशासाठी ते ठरवा

पत्राचा गोषवारा: वय 68, निवृत्त. प्रोस्टेट वाढल्याचे दोन वर्षांपूर्वी कळले. तेव्हापासून टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड ही जोडगोळी रोज चालू आहे. तरी लघवीची धार बारीकच, आणि रात्री चारदा उठावे लागते. गेल्या महिन्यात सर्दीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणून घेतली आणि त्याच रात्री लघवी तुंबली. नळी घालावी लागली. तीन दिवसांनी काढल्यावर लघवी पुन्हा सुरू झाली. सोनोग्राफीत प्रोस्टेट 82 ग्रॅम, लघवी करून आल्यावरही पिशवीत 160 मिली शिल्लक, मूत्रपिंडे ठीक. चार महिन्यांपूर्वीचा पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहण्यासाठीची रक्ततपासणी) 2.1. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला असून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या सुरू आहेत. एका सर्जननी लेझर सुचवले, दुसऱ्यांनी नेहमीचे दुर्बिणीचे ऑपरेशन. मुलाचे म्हणणे, ‘लेझरच करा, त्यात कापाकापी नाही आणि कॅन्सरची भीतीही कायमची जाईल.’ एक मित्र लेझर करून दुसऱ्या दिवशी घरी आला. दुसरा लेझर करूनच तीन महिने पॅड वापरत होता. स्वतः वाचकाला वाटते, निभतेय तोवर गोळ्यांवर निभवावे. पत्राच्या शेवटी, ‘विचारायला संकोच वाटतो’ असे म्हणून त्यांनी विचारले आहे, की ऑपरेशननंतर वैवाहिक संबंधांचे काय होते.

नमस्कार.

तुमच्या पत्रात लेझर हा शब्द इतक्यांदा आला आहे की मूळ प्रश्न त्याच्या आड गेला. लेझर हे हत्यार आहे. त्याने काय करायचे, किती काढायचे आणि ते कोणाच्या हातात असणार, हे ठरल्यावर हत्याराची चर्चा करायची. तुमच्या घरात ती आधीच सुरू झाली आहे.

‘कापाकापी नाही’ हे मुलाचे म्हणणे अर्धेच खरे. पोटावर चीर पडत नाही, टाके नसतात, हे बरोबर. पण ते दुसऱ्या सर्जननी सुचवलेल्या ऑपरेशनलाही तितकेच लागू आहे. त्यातही दुर्बीण लघवीच्या मार्गानेच आत जाते. भूल दोन्हीकडे लागते, बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची. आतली ग्रंथी दोन्हीकडे कापली जाते. फरक इतकाच की एकात ती विजेच्या तारेने थोडी थोडी खरवडून काढतात आणि दुसऱ्यात लेझरच्या किरणाने.

शिवाय लेझर हे एका ऑपरेशनचे नाव नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जे लेझर प्रोस्टेटसाठी आले, त्याने ग्रंथी नुसती भाजून ठेवायची आणि मेलेला भाग पुढे कित्येक दिवस लघवीवाटे पडत राहायचा. रुग्ण आठवडेच्या आठवडे नळी घेऊन बसत. ती पद्धत मागे पडली, आणि पडली ते बरेच झाले. त्याच दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होल्मियम लेझरने वाढलेली ग्रंथी अख्खी सोडवून काढण्याची पद्धत बसवली. आज ‘मोठ्या प्रोस्टेटसाठी लेझर’ असे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हीच पद्धत किंवा थुलियम लेझरने केलेली तिची बहीण अभिप्रेत असते.

ती कशी चालते ते सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. प्रोस्टेटचा वाढलेला भाग आतल्या बाजूला असतो आणि त्याच्याभोवती मूळ ग्रंथीचे कवच असते. संत्र्याच्या फोडी सालीपासून सुटाव्यात तसा हा भाग कवचापासून सुटतो. सर्जन दुर्बिणीतून एक बारीक तंतू आत नेतो. होल्मियमची ऊर्जा पाण्यात तत्काळ शोषली जाते, त्यामुळे ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जाते. कापतानाच रक्तवाहिनीचे तोंड बंद होते. सुटलेले मांसाचे गोळे लघवीच्या पिशवीत ढकलायचे, मग दुसऱ्या एका यंत्राने पिशवीतच त्यांचे तुकडे करून बाहेर ओढून घ्यायचे. ऑपरेशनभर सलाइनचे पाणी वाहत असते. जुन्या पद्धतीच्या विजेच्या तारेबरोबर सलाइन चालत नसे, ग्लायसिनचे पाणी वापरावे लागे. ऑपरेशन लांबले की ते रक्तात शोषले जाऊन सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरत असे. आता बायपोलर नावाची सुधारित तार सलाइनमध्ये चालते. तेव्हा दुसऱ्या सर्जनकडे ती आहे का, हे विचारून घ्या.

याशिवाय हिरवे लेझर असते. त्याचा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते आणि ग्रंथीची वाफ होते. रक्तस्राव कमी, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवता येत नाहीत अशांना ते सुचवले जाते. पण वाफ झालेला भाग पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवता येत नाही. सोडवून किंवा खरवडून काढलेला भाग तपासता येतो, आणि अधूनमधून त्यात न दिसलेला कॅन्सर सापडतोही.

म्हणून ‘लेझर करू’ असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न: कोणते लेझर, आणि त्याने ग्रंथी सोडवणार, खरवडणार की तिची वाफ करणार?

लेझर नेहमीच सरस ठरते, असेही नाही. ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांत 410 पुरुषांवर झालेला एक अभ्यास 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात थुलियम लेझरने ग्रंथी खरवडणे आणि नेहमीचे दुर्बिणीचे ऑपरेशन यांची तुलना केली होती. वर्षभरानंतर दोन्ही गटांचा त्रास सारखाच कमी झालेला होता, धार मात्र नेहमीच्या ऑपरेशनची थोडी सरस निघाली. रुग्णालयातले दिवस आणि गुंतागुंतीही जवळपास सारख्या. हा निष्कर्ष ग्रंथी अख्खी सोडवण्याच्या पद्धतीला लागू होत नाही, ते वेगळे ऑपरेशन आहे. पण ‘लेझर म्हणजे पुढचे, दुर्बीण म्हणजे जुनाट’ ही समजूत सोडायला एवढा दाखला पुरे.

आता तुमच्या समजुतीकडे वळू. निभतेय तोवर गोळ्यांवर निभवायचे, हे म्हणणे पुष्कळांच्या बाबतीत अगदी शहाणपणाचे असते. प्रोस्टेट वाढलेल्या बहुसंख्य पुरुषांना ऑपरेशन कधीच लागत नाही. नुसत्या आकारावरून तर ते ठरतच नाही. 90 ग्रॅमवाले खुशाल हिंडत असतात आणि 35 ग्रॅमवाल्याची धार अडलेली असते. वारंवार लघवी तुंबणे, पिशवीत खडे, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग किंवा रक्त, मूत्रपिंडांवर दाब, अशी कारणे असली की ऑपरेशनला पर्याय उरत नाही. यातले तुमच्याकडे आज काही नाही. लघवी तुंबली ती एकदा, आणि तीही सर्दीच्या गोळीने. नाक मोकळे करणारी औषधे पिशवीचे तोंड आवळतात, आणि सर्दीच्या गोळीतले ॲलर्जीचे औषध पिशवीची ताकद मंदावते. नळी काढल्यावर तुम्हाला आपोआप लघवी झाली, ही चांगली खूण आहे. म्हणजे या महिन्याच्या आत तारीख घेतलीच पाहिजे, अशी घाई नाही.

पण दुसरी बाजूही बघा. दोन्ही गोळ्या दोन वर्षे झाल्या. टॅमसुलोसिनचा गुण काही दिवसांत दिसतो. ड्युटास्टेराइडला सहा महिने लागतात आणि ती ग्रंथी साधारण पाव हिश्शाने आकसवते. म्हणजे त्यांच्याकडून जे मिळायचे ते मिळून गेले आहे, आणि त्यानंतरचे हे 82 ग्रॅम आहेत. अडलेल्या वाटेतून जोर लावून लावून पिशवीची भिंत आधी जाड होते, मग थकते. पिशवी थकल्यावर केलेले उत्तम ऑपरेशनही हवी तशी धार देत नाही. ‘अजून निभतेय’ म्हणत वर्षे काढणाऱ्यांचे खरे नुकसान इथे होते. तुम्ही अजून त्या टप्प्यावर आला आहात असे तुमच्या आकड्यांवरून वाटत नाही. तिथपर्यंत थांबू मात्र नका.

एवढ्यावरून माझे मत विचाराल तर: ऑपरेशन वाजवी आहे, तातडीचे नाही, आणि ते सवडीने, नीट तयारी करून केलेले बरे.

तयारीतली पहिली गोष्ट घरीच करायची आहे. मापाच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवा आणि शेजारी कागद-पेन. तीन दिवस, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिली, एवढेच लिहा. रात्रीच्या नोंदी ‘1.40, 80 मिली, 3.00, 70 मिली’ अशा असतील तर पिशवी नीट रिकामी होत नाही किंवा ती उतावीळ झाली आहे. त्याच नोंदी ‘1.40, 350 मिली; 3.30, 400 मिली’ अशा निघाल्या तर गोष्ट वेगळी. मग रात्री लघवीच जास्त तयार होते आहे. झोपेतली आणि उठल्याबरोबरची पहिली, मिळून चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त भरत असेल, तर कारण प्रोस्टेटच्या बाहेर शोधायला हवे: संध्याकाळी पायांवर येणारी सूज, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, साखर, घोरताना श्वास अडकणे. हे प्रोस्टेट काढून जाणारे त्रास नव्हेत. धार सुधारणे हे ऑपरेशनचे हुकमी काम. रात्रीचे उठणे त्यामानाने कमी सुधारते, आणि ‘एवढे करून तरी दोनदा उठतोच’ ही तक्रार त्यातूनच येते. तो कागद सर्जनपुढे ठेवा. सोबत धारेचा वेग मोजणारी तपासणीही करून घ्या, तिच्यासाठी पिशवीत निदान 150 मिली तरी भरलेले लागते. वेग सेकंदाला 10 मिलीच्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता बळावते. पिशवी थकल्याची शंका असली, मधुमेह किंवा मणक्याचा जुना त्रास असला, तर पिशवीचा दाब मोजायची तपासणी सांगतील. ती थोडी नकोशी असते, पण अशा वेळी टाळू नका.

दुसरी गोष्ट पीएसए. 2.1 वाचून घरात हायसे वाटले असेल. पण ड्युटास्टेराइड चालू असताना हा आकडा साधारण निम्म्यावर येतो, म्हणून तो दुप्पट करून वाचायचा असतो. म्हणजे तुमचा सुमारे 4.2. 82 ग्रॅमच्या ग्रंथीच्या मानाने यात घाबरण्यासारखे नाही, पण आधीचे आकडे शोधून काढा. ही गोळी चालू असताना पीएसए वर चढत गेला असेल तर ते नीट तपासावे लागते. आत्ता लगेच पुन्हा तपासू नका. लघवी तुंबल्यावर आणि नळी घातल्यावर काही आठवडे तो खोटाच वाढलेला येतो.

आणि मुलाला हे जरूर सांगा: या ऑपरेशनने कॅन्सरची भीती जात नाही. कवच आणि बाहेरचा भाग जागेवरच राहतो, आणि प्रोस्टेटचे बहुतेक कॅन्सर त्या बाहेरच्या भागातच होतात. ऑपरेशननंतर पीएसए बराच खाली येतो. तीन महिन्यांनी तो मोजून ठेवायचा आणि पुढे त्या आकड्याशी तुलना करत राहायची.

स्टेंटमुळे तुमचा निर्णय इतरांपेक्षा वेगळा होतो. क्लोपिडोग्रेल कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, सर्जनच्याही नाही. आधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटा आणि सरळ विचारा, की तीन वर्षांनंतर दोन्ही गोळ्या लागतातच का. पुष्कळांना इतक्या काळानंतर एक पुरते. बऱ्याचदा ॲस्पिरिन चालू ठेवून क्लोपिडोग्रेल काही दिवस आधी थांबवतात, पण ती तारीख त्यांनीच लिहून द्यायची. रक्तस्रावाचा हा धोका हेच तुमच्या बाबतीत लेझरकडे झुकण्याचे खरे कारण आहे. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वेही अशा रुग्णांसाठी लेझरचा विचार करायला सांगतात. दुसरे कारण आकार. युरोपातली तत्त्वे नेहमीचे दुर्बिणीचे ऑपरेशन 30 ते 80 मिलीच्या, म्हणजे साधारण तितक्याच ग्रॅमच्या, प्रोस्टेटसाठी सुचवतात. तुम्ही बरोबर उंबरठ्यावर आहात, त्यामुळे दोन डॉक्टरांची दोन मते पडली यात नवल नाही आणि कोणी फसवतेय असेही नाही. वाफेचे इंजेक्शन, ग्रंथी बाजूला ओढून धरणारे छोटे टाके हे पर्याय साधारण याहून लहान प्रोस्टेटसाठी असतात, म्हणून त्यांच्यात फार गुंतू नका.

आता दोन्ही सर्जनना एकच प्रश्न विचारा: या आकाराच्या प्रोस्टेटवर तुम्ही स्वतः हे ऑपरेशन किती वेळा केले आहे? होल्मियमने ग्रंथी सोडवणे शिकायला अवघड आहे. साधारण पन्नासेक ऑपरेशन्सनंतर हात बसतो असे त्या क्षेत्रातले लोकच सांगतात. रोज तार चालवणारा सर्जन आणि नुकतेच यंत्र आलेला सर्जन यांच्यात निवड करायची झाली, तर मी डोळे झाकून पहिल्याकडे जाईन. भिंतीवर यंत्राचा फोटो लावलेला असणे हा अनुभव नव्हे. प्रश्न विचारल्याचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. आला तर तेही एक उत्तरच झाले.

तुमच्या दोन मित्रांचे म्हणाल तर दोघांचेही अनुभव खरे असतील, आणि ऑपरेशनही एकच असेल. बहुतेकांची नळी एक-दोन दिवसांत निघते आणि ते घरी जातात. पण घरी जाणे म्हणजे बरे होणे नव्हे. पुढचे काही आठवडे जळजळ होते, घाई सुटते. खोकताना, खुर्चीतून उठताना थेंब गळणे हे ग्रंथी अख्खी सोडवल्यावर विशेष दिसते, कारण इतकी वर्षे अडथळा असल्यामुळे खालच्या स्नायूला फारसे काम नव्हते. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबते. कायमची गळती थोड्यांनाच राहते, पण राहते. लघवी रोखून धरताना आवळतो तो स्नायू ओळखून त्याचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू करा. घाबरवणारा प्रसंग बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. सगळे ठीक चालले असताना एके सकाळी लघवी अचानक लाल दिसते. आतली खपली सुटत असते. पाणी वाढवले की सहसा एक-दोन दिवसांत ओसरते; गुठळ्या पडू लागल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र घरी बसू नका. चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही, दुचाकी-सायकल नाही, आणि शौचाला कुंथायचे नाही. हे शेवटचे सगळ्यांत जास्त विसरले जाते.

ज्या प्रश्नाचा तुम्हाला संकोच वाटला, तो विचारलात हे फार बरे केलेत. अनेक जण तो विचारत नाहीत, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा जवळीक होते तेव्हा हादरतात. ताठरता आणणाऱ्या नसा कवचाच्या बाहेरून जातात, त्यामुळे आधी जेवढी ताठरता होती तेवढी बहुतेकांची टिकते. इच्छाही टिकते, उलट ड्युटास्टेराइडने ती मंदावली असेल तर गोळी सुटल्यावर काहींची परतते. वीर्य मात्र बाहेर येईनासे होते. पिशवीचे तोंड मोकळे झाल्यामुळे ते मागे पिशवीत जाते आणि नंतर लघवीतून निघून जाते. नेहमीच्या ऑपरेशननंतर आणि लेझरने ग्रंथी सोडवल्यावरही चारातल्या सुमारे तिघांना असे होते, आणि ते बहुधा कायमचे असते. त्याने इजा होत नाही. सुखाची संवेदना पुष्कळांना पूर्वीसारखीच वाटते, काहींना थोडी वेगळी. ‘लेझरमध्ये हा त्रास नसतो’ असे कोणी सांगितले तर मानू नका. वीर्यस्खलन टिकवणे एखाद्याला फार महत्त्वाचे असेल, अपत्य हवे असेल, तर त्याने हे आधीच बोलावे. लहान प्रोस्टेटसाठी वर उल्लेखलेले पर्याय त्याच्याच कामाचे आहेत. तुम्ही हे पत्नीला ऑपरेशनच्या आधी सांगा. बदल दोघांच्या आयुष्यात होणार असतो, आणि नंतर सांगितले की त्याचे भलतेच अर्थ निघतात.

मुलाचा आग्रह काळजीपोटी आहे. त्याला सर्जनकडे बरोबर न्या, पण लक्षणांबद्दल तुम्हीच बोला, आणि त्यातली पाच मिनिटे एकट्याने मागून घ्या.

तारीख घेण्याआधीचा क्रम असा ठेवा: तीन दिवसांचा कागद, मग हृदयरोगतज्ज्ञ, मग दोन्ही सर्जनना पुन्हा एकेकदा. मधल्या काळात टॅमसुलोसिन चालू ठेवा. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगायला विसरू नका, कारण तिने बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो. गोळी सोडल्यावरही हे सांगावेच लागते. आणि पुन्हा सर्दी झालीच, तर वाफ घ्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पण दुकानातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.